नवी मिड-साइज सेडान आणायची? मग आधी कोणती गाडी काढणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कंपनीकडे आज एक छोटी सेडान, एक मोठी सेडान आणि तीन आकारांच्या तीन एसयूव्ही आहेत. छोट्या सेडानचा खप बरा आहे, मोठीचा वर्षागणिक उतरतोय. आता ४.७ मीटरच्या आसपास लांबीची नवी मिड-साइज सेडान आणायचा विचार चाललाय आणि तिचा प्लॅटफॉर्म, म्हणजे तळ आणि आतली यंत्रणा, मधल्या एसयूव्हीचाच असेल, त्यामुळे खर्च कमी येईल असं तुम्ही म्हणता. एवढ्या गर्दीत ती बसेल का, की घरच्याच गाड्यांचा खप खाईल? आणि आणलीच तर तिला कोणतं इंजिन द्यावं?

माझी नोकरीची बहुतेक वर्षं प्रॉडक्ट प्लॅनिंगमध्ये गेली, त्यामुळे उत्तर आधी देतो आणि कारणं नंतर. गाडी बसेल. पण ज्या बैठकीत तिला मंजुरी मिळेल त्याच बैठकीत मोठी सेडान बंद करायची तारीख ठरली पाहिजे. तारीख ठरवायची तयारी नसेल तर ही गाडी आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्येक प्लॅनिंग खात्यात एक तक्ता असतो. आडवी लांबी, उभी किंमत, आणि प्रत्येक गाडीचा एक चौकोन, खाली बेस व्हेरिएंट आणि वर टॉप. दोन चौकोनांमध्ये पांढरी जागा दिसली की कोणीतरी म्हणतंच, 'इथे आपली गाडीच नाही.' तुमच्या कंपनीतही छोट्या आणि मोठ्या सेडानमध्ये अशी जागा दिसत असणार. पण तो तक्ता छापील किमतीवर काढलेला असतो. ज्या मोठ्या सेडानचा खप उतरतोय ती छापील किमतीला विकली जात नाही. तिच्यावर रोख सवलत असते, जुन्या गाडीच्या बदल्यात बोनस असतो, वर्षअखेरीला डीलर आपल्या खिशातून आणखी थोडं सोडतो. खरोखर बिल झालेल्या किमतींवर तोच तक्ता पुन्हा काढा. मोठ्या सेडानचा चौकोन खाली सरकून त्या पांढऱ्या जागेत शिरलेला दिसेल. शिवाय छोट्या सेडानचं टॉप व्हेरिएंट, सनरूफ आणि मोठी स्क्रीन घेऊन, त्याच जागेला खालून टेकलेलं असेल. म्हणजे जागा रिकामी नाही. तिथे दोन गाड्या अवघडून बसल्या आहेत, आणि त्यांना हलवल्याशिवाय तिसरीला बसता येणार नाही.

हा प्रश्न नवा नाही. १९२१ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सची हीच अवस्था होती. शेव्हरोले, ओकलंड, ओल्ड्समोबिल, स्क्रिप्स-बूथ, शेरिडन, ब्यूक आणि कॅडिलॅक अशी सात नावं त्यांच्याकडे होती. मधल्या किमतीत त्यांच्याच गाड्या एकमेकींशी झगडत होत्या, आणि सगळ्यात खालच्या थरात, जिथे फोर्डचं मॉडेल टी राज्य करत होतं, तिथे त्यांच्याकडे काहीच नव्हतं. कंपनीतले अधिकारी आल्फ्रेड स्लोन यांच्या समितीने ४५० डॉलरपासून ३,५०० डॉलरपर्यंतच्या सहा पायऱ्या आखल्या आणि ठरवलं की एका पायरीवर कंपनीची एकच गाडी. यातली खरी शिकवण बहुतेक लोक विसरतात. त्या पायऱ्या आखल्यावर शेरिडन आणि स्क्रिप्स-बूथ ही नावं बंद झाली. पायऱ्या आखणं सोपं असतं, गाड्या कमी करणं कठीण, आणि त्या वेळी कठीण भाग त्यांनी केला.

त्याच कंपनीने पुढे काय केलं तेही बघा, कारण ते तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळचं आहे. पायऱ्यांमधली अंतरं मोठी वाटायला लागली तेव्हा त्यांनी मधल्या जागा भरायला जोडगाड्या आणल्या. १९२६ मध्ये ओकलंडच्या खाली पॉन्टिअॅक, १९२७ मध्ये कॅडिलॅकच्या खाली लासाल, १९२९ मध्ये ओल्ड्समोबिलच्या वर व्हायकिंग आणि ब्यूकच्या खाली मार्केट (Marquette). मंदी आली आणि व्हायकिंग व मार्केट लगेच गेल्या. पॉन्टिअॅक इतकी चालली की तिने ओकलंडलाच संपवलं आणि १९३१ मध्ये ओकलंड हे नाव बंद झालं. लासाल बराच काळ टिकली, पण १९४० पर्यंतच. पुढच्या वर्षी तिची जागा कॅडिलॅकच्याच स्वस्त सिरीज ६१ ने घेतली. मधली जागा भरायला आणलेल्या गाडीचं सहसा या तीनपैकी एक होतं. ती स्वतः जाते, नाही तर शेजारणीला घालवते, नाही तर काही वर्षांनी शेजारणीतच विरघळते. दोघी शेजारी-शेजारी सुखाने नांदताहेत असं क्वचितच घडतं. म्हणून ओकलंडचं जे झालं ते नकळत होऊ देण्यापेक्षा आधी ठरवून करावं.

फोर्डच्या एडसेल या गाडीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण ती बहुधा समोरच्या विचित्र जाळीची आणि नावाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. माझ्या मते तिचं मूळ दुखणं किमतीच्या तक्त्यात होतं. सप्टेंबर १९५७ मध्ये ती आली तेव्हा तिच्या स्वस्त व्हेरिएंटांचा सांगाडा फोर्डचा होता आणि महागांचा मर्क्युरीचा, म्हणजे फोर्डच्याच वरच्या ब्रँडचा. किमतीही तशाच: खालचं टोक वरच्या फोर्डवर चढलेलं, वरचं टोक मर्क्युरीत घुसलेलं. एडसेल फोर्डपेक्षा वर की मर्क्युरीपेक्षा खाली, याचं सरळ उत्तर नव्हतं. त्यात १९५८ ची मंदी. नोव्हेंबर १९५९ मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा तीन मॉडेल-वर्षांत मिळून १ लाख १८ हजारांच्या आसपास गाड्या बनल्या होत्या.

पण गर्दी म्हणजे काय हे एका उदाहरणातून शिकायचं असेल तर माझदाचं घ्या. आणि तेही नेमकं मिड-साइज सेडानचंच.

१९८९ च्या सुमारास जपानमध्ये पैशाचा पूर होता. माझदाने देशांतर्गत विक्रीचे पाच मार्ग उभे केले: माझदा, युनोस, अन्फिनी, ऑटोझॅम आणि फोर्डच्या गाड्या विकणारा ऑटोरामा. दुकानं पाच झाली की प्रत्येकाला गाडी हवी. कंपनीची वर्षानुवर्षं चाललेली मिड-साइज सेडान होती कापेला. १९९१ मध्ये तिच्या जागी क्रोनोस आली आणि त्याच सांगाड्यावर अन्फिनीसाठी एमएस-६, पुढे एमएस-८, ऑटोझॅमसाठी क्लेफ, दोन दारांची कूपे हवी म्हणून एमएक्स-६, ऑटोरामासाठी फोर्ड टेलस्टार. युनोस ५०० ही त्यांचीच थोडी लहान बहीण. यातल्या काही गाड्या दिसायला फार सुंदर होत्या, हे मी मनापासून म्हणतो. युनोस ५०० आजही डोळ्यांत भरते. इंजिनिअरिंगमध्ये कोणी कुचराई केली नव्हती.

तरी सगळ्यांचं मिळून जमलं नाही. कापेला हे लोकांच्या तोंडी असलेलं नाव गेलं, आणि त्याऐवजी आलेल्या नावांपैकी एकही लोकांच्या डोक्यात बसायच्या आत पुढचं आलं. जाहिरातीचा पैसा इतक्या ठिकाणी वाटला गेला की कुठेच पुरला नाही. शिवाय क्रोनोसची रुंदी १.७ मीटरच्या पुढे गेली होती. जपानमध्ये त्या रेषेपलीकडची गाडी मोठ्या गाड्यांच्या वर्गात मोडते, आणि अरुंद गल्ल्यांत राहणाऱ्या जुन्या कापेलावाल्यांना ती नको होती. फुगा फुटल्यावर कंपनीने १९९४ मध्ये कापेला हे नाव अरुंद बॉडीसह परत आणलं. १९९६ मध्ये फोर्डने माझदातला आपला हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेला आणि कंपनीची सूत्रं प्रत्यक्षात तिकडे गेली. जपानी वाहन उद्योगात या प्रकरणाला आजही 'क्रोनोसची शोकांतिका' म्हणतात.

आता याच्या उलट उदाहरण त्याच देशातलं. टोयोटाच्या मार्क टू, चेसर आणि क्रेस्टा या तीन सेडान आतून एकच होत्या आणि तरीही वर्षानुवर्षं तिन्ही उत्तम खपल्या. कारण त्या वेगवेगळ्या साखळ्यांच्या दुकानांत विकल्या जायच्या, प्रत्येक साखळीचे आपले बांधलेले ग्राहक होते, आणि त्या काळात बाजारही वाढत होता. बाजार आटला तशा चेसर आणि क्रेस्टा २००१ मध्ये बंद झाल्या. मार्क टूची वारस मार्क एक्स २०१९ अखेरीस थांबली, आणि २०२० पासून टोयोटाच्या जपानमधल्या सगळ्या दुकानांत सगळ्या गाड्या मिळू लागल्या. म्हणजे सारख्या गाड्या शेजारी-शेजारी ठेवता येतात, पण त्यासाठी दुकान वेगळं, ग्राहक वेगळा आणि बाजार चढता लागतो. तुमच्या कंपनीकडे शोरूमची एकच साखळी आहे, आणि सेडानचा बाजार चढता नाही. तुमची गाडी मार्क टूच्या वाटेने जाईल असं धरून चालता येणार नाही.

आता खप खाण्याचा हिशोब. याबद्दल बैठकांमध्ये फार मोघम बोललं जातं. 'थोडा खप घरचा जाईल, पण बाकी बाहेरून येईल' यावर निर्णय होऊ शकत नाही. नवी गाडी घेणाऱ्याने ती नसती तर काय घेतलं असतं, हे आकड्यात मांडावंच लागतं. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. नवी सेडान १०० विकल्या आणि एकीवर कंपनीला ८ एकक नफा सुटला. या १०० पैकी २० ग्राहक घरच्या छोट्या सेडानचे, जिच्यावर ५ एकक सुटतात. १० मोठ्या सेडानचे, जिच्यावर १४. १५ मधल्या एसयूव्हीचे, जिच्यावर १५. उरलेले ५५ दुसऱ्या कंपन्यांकडून आलेले. आवक ८००. घरचं नुकसान १०० अधिक १४० अधिक २२५, म्हणजे ४६५. हाती राहिले ३३५, आणि त्यातून डाय (पत्र्याला आकार देणारे साचे), चाचण्या, जाहिरात यांचा खर्च भागवायचा.

आता एकच आकडा बदला. एसयूव्हीकडून १५ ऐवजी ३५ ग्राहक आले आणि बाहेरून ५५ ऐवजी ३५. नुकसान ७६५ होतं. विक्री तेवढीच, १००, पण हाती फक्त ३५. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा गाडी सारखीच यशस्वी दिसेल, वर्तमानपत्रात विक्रीचा आकडा सारखाच येईल. कंपनीच्या दृष्टीने एकीत धंदा आहे आणि दुसरीत नाही. म्हणून माझी भीती छोट्या सेडानबद्दल नाही. छोटीतून मिड-साइजकडे गेलेला ग्राहक वर चढलेला असतो, त्याचं स्वागतच आहे. भीती मधल्या एसयूव्हीची आहे, कारण तोच प्लॅटफॉर्म, तोच डॅशबोर्ड, तेच इंजिन, आणि नफा जवळपास दुप्पट.

या हिशोबात दोन गोष्टी बहुतेक वेळा राहून जातात. पहिली, कारखान्याची क्षमता. मधल्या एसयूव्हीला वेटिंग असेल आणि कारखाना पूर्ण भरून चालत असेल, तर एक ग्राहक सेडानकडे गेल्याने काही बिघडत नाही, रांगेतल्या पुढच्याला एसयूव्ही मिळते. त्या स्थितीत ते २२५ नुकसानीत धरायचेच नाहीत. पण वेटिंग कायम टिकत नाही, आणि गाडीचं आयुष्य सहा-सात वर्षांचं असतं. पहिल्या वर्षाचं वेटिंग बघून सगळ्या वर्षांचा हिशोब मांडू नका. दुसरी गोष्ट, जो ग्राहक तसाही जाणार होता. मोठ्या सेडानवाला दहा वर्षं जुनी गाडी बदलायला येतो, त्याला पुढची मोठी सेडान नको आहे आणि एसयूव्ही उंच वाटते. नवी सेडान नसती तर तो दुसऱ्या कंपनीत गेला असता. कागदावर त्याचं नाव 'घरचा ग्राहक' असं लागतं, पण खरं तर तो वाचवलेला ग्राहक आहे. हे वेगळं काढायला एक्सचेंजची नोंद लागते: कोणी कोणती गाडी देऊन कोणती घेतली, आणि सोडून गेलेल्यांनी बाहेर काय घेतलं. ही नोंद डीलरकडे असते. ती मागवा. ग्राहकांना बोलावून प्रश्नावली भरून घेण्यापेक्षा ती कितीतरी खरी असते, कारण तिथे माणसाने प्रत्यक्ष पैसे मोजलेले असतात.

मग एसयूव्हीपासून सेडान वेगळी कशी ठेवायची? इथे बहुतेक कंपन्या सामानाच्या यादीत फरक करायला जातात. एसयूव्हीला सनरूफ, सेडानला नाही. एसयूव्हीला सहा स्पीकर, सेडानला चार. हे चुकीचं आहे. ग्राहकाला लगेच कळतं की सेडानला मुद्दाम कमी दिलंय. फरक बॉडीच्या स्वभावातून यायला हवा. सेडान बुटकी असते, समोरून हवेला कमी अंग दाखवते, गुरुत्वमध्य खाली असतो, डिकी बंद असल्याने मागच्या चाकांचा आवाज आत कमी येतो, आणि मागच्या सीटमागच्या आडव्या पोलादी भिंतीमुळे बॉडीला पीळ कमी बसतो. लांबचा महामार्ग, मागच्या सीटवर बसणारा मालक, इंधनाचा हिशोब ठेवणारा माणूस यांच्यासाठी हे फायदे रोजचे आहेत. चढाय-उतरायची सोय, खराब रस्ता आणि उंचावरून दिसणारा रस्ता यांत एसयूव्ही जिंकणार, तिथे सेडानने झगडूच नये.

हा फरक किती मोठा असू शकतो ते ह्युंदाईच्या दोन इलेक्ट्रिक गाड्यांत स्वच्छ दिसतं. आयोनिक ५ आणि आयोनिक ६ एकाच ई-जीएमपी प्लॅटफॉर्मवर आहेत. दोन्हींची ७७.४ किलोवॅट-अवरची बॅटरी आणि मागच्या चाकांना मोटर असलेली आधीची व्हेरिएंटं घेतली, तर युरोपीय डब्ल्यूएलटीपी चाचणीत आयोनिक ५ ची रेंज ५०७ किलोमीटरपर्यंत होती आणि आयोनिक ६ ची ६१४. बॅटरी तीच, शंभराहून जास्त किलोमीटर मुख्यतः आकारातून आले. आयोनिक ६ चा हवेच्या अवरोधाचा गुणांक ०.२१ आहे, आयोनिक ५ चा ०.२८८. शेजारची एसयूव्ही कोणत्याही व्हेरिएंटमध्ये देऊ शकणार नाही असं काहीतरी सेडानकडे असणं म्हणजे काय, ते इथे दिसतं. तुमच्या गाडीच्या मंजुरीच्या कागदावर असं एक वाक्य मला दिसलं पाहिजे. ते लिहिता येत नसेल तर डिझाइन स्टुडिओला परत पाठवा.

मोठ्या सेडानचं काय करायचं यासाठी लेक्ससची जीएस लक्षात ठेवा. खाली आयएस, वर एलएस, आणि मध्ये दोन गाड्या: मागच्या चाकांवर चालणारी जीएस आणि पुढच्या चाकांवर चालणारी ईएस. गाडी चालवण्याची ज्याला आवड आहे त्याला जीएस कितीतरी सरस वाटायची, आणि मलाही. पण ईएस मागे ऐसपैस होती, शांत होती आणि स्वस्त होती. त्या वर्गातल्या बहुतेक ग्राहकांना तेवढंच हवं होतं. २०२० मध्ये जीएस बंद झाली. जेव्हा दोन सेडान आकाराने जवळ येतात तेव्हा जास्त जागा देणारी स्वस्त गाडी जिंकते, मग महागडीत अभियांत्रिकी कितीही उत्तम असो. तुमची ४.७ मीटरची नवी सेडान आजच्या व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) मापाने मागच्या सीटवर जुन्या मोठ्या सेडानइतकीच जागा देणार आहे. म्हणजे मोठी हरणार हे ठरलेलंच आहे. फक्त ती दोन वर्षं सवलतीत रडतखडत हरणार, आणि त्या सवलतीने नव्या गाडीची किंमतही खाली ओढणार, की तिला आधीच निरोप दिला जाणार, एवढंच तुमच्या हातात आहे.

वरून एक धोका असतो तसा खालूनही असतो, आणि तो हळू येतो. गाड्या पिढीगणिक वाढतात. १९८२ ची पहिली कॅमरी साडेचार मीटरपेक्षा आखूड होती. आजची कोरोला सेडान ४.६ मीटरच्या पुढे आहे. म्हणजे आजची खालच्या वर्गातली गाडी कालच्या वरच्या वर्गातल्या गाडीहून लांब आहे. तुमची नवी सेडान बाजारात यायला अजून तीन-चार वर्षं लागतील, आणि तेवढ्यात छोट्या सेडानची पुढची पिढी तयार होत असेल. तिचा मुख्य अभियंता पाच-सहा सेंटिमीटर लांबी मागणारच. हे आजच लिहून बांधून घ्या: छोटीची लांबी आणि व्हीलबेस यापुढे वाढणार नाही, आणि तिचं सगळ्यात महाग व्हेरिएंट नवी गाडी आल्यावर बंद. भारतात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवर कमी कर असतो, त्यामुळे तिथे कायदाच लांबी बांधून ठेवतो. मारुतीने २०१२ च्या डिझायरची डिकी कापून गाडी चार मीटरच्या आत बसवली ती यासाठीच. जिथे असा कायदा नाही तिथे हे बंधन कंपनीने स्वतःवर घालून घ्यावं लागतं, आणि स्वतःवर घातलेलं बंधन पाळायला वरच्या माणसाची सही लागते.

प्लॅटफॉर्म तोच असल्याने खर्च कमी, असं तुम्ही लिहिलंय. अर्धं खरं आहे. तळ, सस्पेन्शन, इंजिन, इलेक्ट्रॉनिक्स तयार आहेत, आणि तो मोठा भाग आहे. पण बाहेरचा प्रत्येक पत्रा नवा, त्याचे डाय नवे, दारं नवी, मागची काच नवी, मागून धडकेच्या चाचण्या पुन्हा, आवाजाचं काम पुन्हा, प्रत्येक देशाची मान्यता पुन्हा. कारखान्यात एकाच लाइनवर एसयूव्ही आणि सेडान चालवायच्या तर वायरिंग हार्नेसपासून सीटपर्यंत प्रत्येक ठिकाणी चुकीचा भाग लागण्याची शक्यता वाढते. डीलरला आणखी एक डेमो गाडी, आणखी एका गाडीचे स्पेअर, शोरूममध्ये आणखी एक जागा लागते. हे खर्च प्रकल्पाच्या फाइलमध्ये दिसत नाहीत, कारण ते दुसऱ्या खात्यांच्या आणि डीलरच्या वहीत पडतात. एक गाडी काढून एक आणली तर हे सगळं जवळपास जागच्या जागी राहतं. नुसती वाढवली तर सगळीकडे थोडंथोडं वाढतं. मी व्हेरिएंटांच्या बाबतीतही कडक राहीन: तीन व्हेरिएंट, पाच रंग, एक स्वयंचलित गिअरबॉक्स. स्पोर्ट व्हेरिएंटची मागणी मार्केटिंगकडून नक्की येईल. पहिली दोन वर्षं नाही म्हणा.

कंपन्या गाड्या काढतात का? काढतात, आणि चांगल्या कंपन्या काढतात. होंडाने आपल्या आक्युरा ब्रँडच्या टीएसएक्स आणि टीएल या दोन सेडान बंद करून २०१४ मध्ये त्या जागी एकच टीएलएक्स आणली. मर्सिडीजने सी-क्लास आणि ई-क्लासच्या दोन दारांच्या गाड्या मिळून २०२३ मध्ये एक सीएलई केली. मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते फोक्सवागन समूहाचं. २०२३ मध्ये युरोपात नवी पसाट आली ती फक्त इस्टेट, म्हणजे शेवटपर्यंत छप्पर असलेली लांब डिकीची गाडी म्हणून. मोठी डिकी उघडणारी लिफ्टबॅक हवी असेल त्याच्यासाठी त्याच समूहाची स्कोडा सुपर्ब आहे, आणि दोन्ही ब्रातिस्लाव्हाच्या एकाच कारखान्यात बनतात. सुपर्बची इस्टेटही मिळते, पण निदान डिकी वेगळी असलेल्या बॉडीवर दोन घरच्या ब्रँडनी भांडण्याऐवजी एकाने जागा सोडली.

'सेडान हा प्रकारच संपत चाललाय, मग एवढा खटाटोप कशाला' हा आक्षेप तुम्हाला संचालक मंडळात ऐकावा लागेल. फोर्डने २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सेडान सोडायचं जाहीर केलं आणि २०२० मध्ये फ्यूजन थांबली. २०२४ च्या अखेरीस शेव्हरोलेची मॅलिबू गेली. पण त्याच २०२४ मध्ये अमेरिकेत ३ लाखांहून जास्त कॅमरी विकल्या गेल्या. दुकानं बंद होतात तेव्हा ग्राहक सगळेच्या सगळे निघून जात नाहीत, उरलेल्या दुकानांत येतात. आटणाऱ्या वर्गात शेवटच्या दोन-तीन गाड्यांना चांगला धंदा असतो. प्रश्न हा आहे की तुमची गाडी शेवटच्या दोन-तीनमध्ये असेल का. तिथे जुनं, विश्वासाचं नाव फार कामी येतं. म्हणून नव्या गाडीला नवं नाव देऊ नका. मोठ्या सेडानचं नाव अजून लोकांना माहीत असेल आणि त्याला डाग नसेल तर तेच नाव नव्या गाडीला द्या. मोठी बंद करण्याचा निर्णय डीलरांना पचवायलाही त्याने मदत होते, कारण त्यांच्या दृष्टीने गाडी गेली नाही, नवी पिढी आली. कापेलाचं नाव सोडून माझदाने जे गमावलं ते तुम्हाला फुकटात राखता येतं.

टॅक्सी आणि कंपन्यांच्या ताफ्यांना होणारी घाऊक विक्री मात्र मर्यादेत ठेवा. सेडानला तिथून मागणी येणार, आणि कारखाना रिकामा असला की ती मोहात पाडते. पण तीन वर्षांनी त्या सगळ्या गाड्या एकदम जुन्या बाजारात येतात, रीसेल पडते, आणि लीजवर, म्हणजे काही वर्षांच्या भाड्याने, गाडी घेणाऱ्या घरगुती ग्राहकाचा हप्ता त्या रीसेलवर अवलंबून असतो. घाऊक विक्री एकूण खपाच्या किती टक्क्यांवर थांबवायची, तो आकडा गाडी यायच्या आधी ठरवा.

शेवटचा प्रश्न इंजिनाचा. नुसतं पेट्रोल इंजिन मी देणार नाही. मधल्या एसयूव्हीत तेच पेट्रोल इंजिन आहे, आणि मग सेडानजवळ सांगण्यासारखं काही उरत नाही. अमेरिकेत २०२५ मॉडेलपासून कॅमरी फक्त हायब्रिड झाली, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. कमी उंची आणि हायब्रिड मिळून मायलेजमध्ये जो फरक पडतो तो ग्राहकाला पहिल्या महिन्यातच हातात दिसतो. ज्या देशांत उत्सर्जनाचा हिशोब कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीवर होतो, तिथे अशी प्रत्येक सेडान एसयूव्हींच्या आकड्याला थोडी मोकळीक देते. हा फायदा वर मांडलेल्या हिशोबात वेगळी ओळ म्हणून घ्या, कारण दंड वाचला तर तोही नफाच. इलेक्ट्रिक करायची तर या प्लॅटफॉर्मवर करू नका. इंजिनासाठी आखलेल्या तळात बॅटरी घालायला गेलं की जमीन वर येते, मागच्या सीटवर गुडघे उचलून बसावं लागतं किंवा छप्पर वर न्यावं लागतं, आणि सेडानचा बुटकेपणा, जो तिचा एकमेव मोठा फायदा आहे, तोच जातो. कंपनीचा वेगळा इलेक्ट्रिक प्लॅटफॉर्म कधी येतोय ते बघा. चार वर्षांच्या आत येणार असेल तर या सेडानला हायब्रिड ठेवून एकाच पिढीचं आयुष्य द्या, डायचा खर्च तेवढ्यातच वसूल होतोय का ते तपासा, आणि होत नसेल तर इलेक्ट्रिक प्लॅटफॉर्मची वाट बघा.